पिंपापर्यंत पोहोचणारा कायदा

१ जानेवारी २०१० पासून भारतात धातू धुण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड मिळणे बंद झाले. कारखान्यांच्या बोलीत हे ‘सीटीसी’. सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस काढायला, कापडावरचे डाग घालवायला ते वर्षानुवर्षे वापरात होते. स्वस्त, झटकन वाळणारे आणि आग न पकडणारे. ते यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करते हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होते, पण ते बंद झाले ओझोनच्या थरासाठी. भारत १९९२ साली मॉन्ट्रियल करारात सामील झाला, २००० साली ओझोनचा ऱ्हास करणाऱ्या पदार्थांचे नियम आले, आणि २००३ साली सीटीसी टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या राष्ट्रीय योजनेला आंतरराष्ट्रीय निधी मंजूर झाला. उत्पादनाचा आणि आयातीचा कोटा खाली खाली आणला गेला, छोट्या कारखानदारांना पर्याय दाखवण्यासाठी प्रशिक्षणे झाली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा पुण्याच्या भोसरीतल्या प्रत्येक गाळ्यात त्यासाठी निरीक्षक पाठवावा लागला नाही. दुकानात माल यायचा थांबला आणि वापर थांबला.

सीटीसीच्या जागी बऱ्याच ठिकाणी जे आले ते ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजेच ट्रायक्लोर. सीटीसीवरून बाहेर पडण्यासाठी जे प्रकल्प आखले गेले त्यांतल्या काहींत पर्याय म्हणून ट्रायक्लोरचेच नाव होते. ओझोनचा हिशेब त्याने जुळत होता. आणखी दोनच वर्षांनी, २०१२ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोरला पहिल्या गटात टाकले. माणसात कर्करोग घडवतात हे ज्यांच्याबद्दल पुराव्याने ठरले आहे अशा पदार्थांचा हा गट आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी ट्रायक्लोरचा संबंध पक्का मानला गेला; यकृताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधाचेही पुरावे नोंदले गेले.

या दोन सॉल्व्हंटच्या वाट्याला आलेला वेगळा न्याय हा या आढाव्याचा विषय आहे. घातक सॉल्व्हंटला लगाम घालणे आपल्या सरकारला जमते. ते पिंपापाशी, म्हणजे उत्पादन, आयात आणि विक्रीपाशी, उभे राहते तेव्हा जमते. कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न आला की मात्र तेच सरकार पिंप सोडून गाळ्यातल्या हवेकडे बोट दाखवते. ती हवा मोजायला कोणी जात नाही.

वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आज रोड नंबर १६ किंवा २२ वरून जाताना काचेच्या आयटी इमारती, पासपोर्ट कार्यालय, गाड्यांची शोरूम्स दिसतात आणि इथला उद्योग संपला असे वाटते. तो संपलेला नाही. तो मोठ्या कारखान्यांतून छोट्या गाळ्यांत गेला आहे. स्क्रू, बुशिंग, व्हॉल्व्हचे भाग, पितळी फिटिंग, विजेच्या उपकरणांचे संपर्क-भाग असे काम अशा गाळ्यांत चालते. लेथवरून उतरलेल्या प्रत्येक जॉबवर, म्हणजे सुट्या भागावर, कटिंग ऑइल असते. प्लेटिंग किंवा रंगकाम करण्याआधी ते तेल शंभर टक्के निघावे लागते, नाहीतर मुलामा सुटतो आणि माल परत येतो.

हे तेल काढण्याची नीट पद्धत म्हणजे बाष्प-धुलाईची टाकी. तळाशी ट्रायक्लोर सुमारे ८७ अंशांना उकळते, वर वाफेचा थर तयार होतो, त्याच्या वर गार पाण्याच्या नळ्यांचे वेटोळे असते. जाळीच्या टोपलीतले थंड जॉब वाफेत सोडले की वाफ त्यांच्यावर जमून थेंबाथेंबाने तेल घेऊन खाली उतरते. जॉब वाफेइतका गरम झाला की धुलाई संपली. टोपली सावकाश वर घ्यायची, काठाच्या आत निथळू द्यायची, झाकण लावायचे. नळ्यांतले पाणी गार असेल, काठ पुरेसा उंच असेल आणि शेजारून वाफ ओढून घेणारा पंखा चालू असेल तर टाकी बऱ्यापैकी सांभाळून काम करते.

पण अशी टाकी घ्यायला पैसे लागतात. छोट्या गाळ्यात काम भागते ते कापलेल्या पिंपात किंवा स्टीलच्या उघड्या टबात. हेल्पर टोपली बुडवतो, हलवतो, उचलतो आणि जॉबवर कॉम्प्रेसरच्या नळीने हवा मारतो, म्हणजे ते लवकर सुकतात. हवा मारली की जॉबला चिकटून राहिलेला ट्रायक्लोरचा पातळ थर वाफ होऊन थेट हेल्परच्या तोंडावर येतो. हातात कापडी किंवा साधे रबरी मोजे असतात, त्यांतून द्रव कातडीपर्यंत पोहोचतो. तोंडावरचा साधा मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ट्रायक्लोरची वाफ हवेच्या साडेचारपट जड. ती जमिनीलगत साचते आणि टबाचा तळ साफ करायला वाकलेल्या माणसाला सर्वांत जास्त मिळते. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ठिणगीच्या उष्णतेने याच वाफेतून फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला वायू.

कायद्यातली मर्यादा या गाळ्याला लावून पाहू. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जी दुसरी अनुसूची जोडली गेली, तिच्यात ट्रायक्लोरची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, म्हणजे दर घनमीटर हवेत २७० मिलिग्रॅम अशी होती. शंभर चौरस मीटरचा, चार मीटर उंच गाळा घेतला तर त्यात ४०० घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद धरल्या तर ही सगळी हवा मर्यादेला टेकवायला १०८ ग्रॅम ट्रायक्लोर पुरते. द्रवरूपात ते होते ७४ मिलिलिटर, एका कटिंग चहाइतके. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना १० भागांची मर्यादा सुचवते. तिच्या हिशेबाने पंधरा मिलिलिटर पुरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ च्या नियमात, सवलतीच्या काळात वापर चालू राहील अशा ठिकाणांसाठी ०.२ भाग ही मर्यादा घातली. ती ओलांडायला या गाळ्यात पाच-सहा थेंब बास. आपली मर्यादा या आकड्याच्या अडीचशे पट होती. अमेरिकेच्याच कामगार सुरक्षा खात्याची जुनी मर्यादा १०० भागांची आहे आणि ती १९७० च्या दशकापासून हललेली नाही, हेही सांगायला हवे. कागदावरचे आकडे किती मागे पडू शकतात ते दोन्ही देशांत दिसते.

ट्रायक्लोरचा त्रास सुरुवातीला आजारासारखा वाटतच नाही. गोडसर वास, डोके हलके, दुपारनंतर गुंगी. विसाव्या शतकात हेच द्रव्य ‘ट्रायलीन’ नावाने बाळंतपणात गुंगीचे औषध म्हणून वापरले गेले होते, त्यामुळे गुंगी येण्यात आश्चर्य नाही. काही कामगारांना संध्याकाळी थोडी दारू घेतली की चेहऱ्यावर आणि छातीवर लाल चट्टे उठतात. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला ‘डीग्रीझर्स फ्लश’ असे नावच आहे. चीन, थायलंड, फिलिपाइन्स या देशांत नव्याने कामावर लागलेल्या तरुण कामगारांत, पहिल्या काही आठवड्यांतच अंगभर पुरळ आणि जोडीला यकृताचा तीव्र दाह झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. काहींचा त्यात मृत्यू झाला. कर्करोग आणि मूत्रपिंडाचे विकार वर्षांनी येतात. तोवर कामगाराने तीन ठेकेदार बदललेले असतात.

कारखाने अधिनियमातले चौथे-अ प्रकरण, ४१-अ ते ४१-ह ही कलमे, अजूनही वाचण्यासारखी आहेत. मालकाने धोक्याची माहिती कामगाराला द्यायची, कामावर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करायची, नोंदी जपायच्या, सुरक्षा समिती नेमायची. धोका डोळ्यांसमोर दिसला तर तो सांगण्याचा हक्क कामगाराला. उल्लंघन झाले तर सात वर्षांपर्यंत कैद होती. २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे ठरवले. बेंझीनविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७१ चा करार भारताने १९९१ साली मान्य केला. निरुपद्रवी पर्याय असेल तिथे बेंझीन वापरूच नये, असे त्यात स्पष्ट आहे. कायद्याची कमतरता आपल्याकडे नव्हती.

कमतरता आहे ती मोजमापाची. हवेतली वाफ मोजायला कामगाराच्या कॉलरला छोटा पंप आणि कोळशाची नळी लावून पाळीभर नमुना घ्यावा लागतो, मग तो प्रयोगशाळेत जातो. हे काम करू शकणारी केंद्रीय श्रम संस्था वागळे इस्टेटपासून फार दूर नाही, मुंबईत शीवला आहे. पण छोट्या गाळ्याच्या मालकाला असा नमुना घ्यायला कोणी भाग पाडत नाही आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी हजारो गाळ्यांना पुरे पडणे शक्य नाही. त्यात गेल्या दशकात तपासण्या कमी करून मालकाने स्वतःच प्रमाणपत्र द्यावे, अशी दिशा धरली गेली. ताळेबंद, पगारपत्रक यांच्या बाबतीत ते चालेल. दर दिवशी बदलणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाफेच्या बाबतीत स्वतःचे प्रमाणपत्र हा पुरावा होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस कामगार. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा दहा होता. वागळे इस्टेटमधला आठ-दहा माणसांचा गाळा ‘कारखाना’ या व्याख्येच्या बाहेर राहतो, आणि उघडा टब नेमका तिथेच असतो. संहितेत दोन चांगल्या गोष्टी आहेत. जिवाला धोका असलेले काम म्हणून अधिसूचित केले तर एका कामगाराच्या आस्थापनेलाही ती लावता येते. आणि कारखान्यांतल्या घातक रसायनांच्या मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे दिला आहे. म्हणजे ट्रायक्लोरचा आकडा महाराष्ट्राच्या हातात आहे. ही तरतूद फारशी चर्चेत आलेली नाही. यावी असे मला फार वाटते.

इथे डोंबिवलीकडे वळावे लागते, कारण ठाणे जिल्ह्यात रासायनिक धोका म्हटले की लोकांना आणि सरकारला डोंबिवलीच आठवते. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायजेसमध्ये स्फोट झाला, बारा जण गेले, दीडशेहून अधिक जखमी झाले, कितीतरी इमारतींच्या काचा फुटल्या. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस, फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी रस्ता. मुख्यमंत्री स्वतः पाहायला आले. जानेवारी २०२२ मध्ये १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचे ठरले. ते हलायच्या आत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन पुन्हा माणसे मेली. स्थलांतराची मागणी योग्यच आहे. एवढ्या दाट वस्तीला लागून रिॲक्टर असू नयेत. पण कारखाना पाताळगंगेला गेला तर डोंबिवलीच्या रहिवाशाचा धोका कमी होतो, रिॲक्टरपाशी टोल्यूइन, मिथेनॉल किंवा डायक्लोरोइथेन हाताळणाऱ्या ऑपरेटरचा होत नाही. तोच माणूस, तेच पिंप, फक्त पत्ता वेगळा. डोंबिवलीची ओरड कुंपणाबाहेरच्यांची आहे आणि ती ऐकली गेली कारण ते मतदार आहेत, सोसायट्यांत राहतात, संघटित आहेत. वागळे इस्टेटच्या टबापाशी उभा असलेला कंत्राटी हेल्पर किसननगरला किंवा इंदिरानगरला भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या वाफेने कुणाची काच फुटत नाही.

अशा स्फोटांसाठी १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत. साठा किती टनांच्या वर गेला की कोणाला कळवायचे, आणीबाणीची योजना कशी असावी, हे ते सांगतात. ते साठ्याच्या आकारमानाने चालतात, त्यामुळे दोन पिंपे बाळगणाऱ्या गाळ्यापर्यंत येत नाहीत. सर्व रसायनांची नोंदणी आणि धोक्यानुसार निर्बंध असा युरोपीय धर्तीचा नियम आणण्याचे मसुदे केंद्र सरकारच्या पातळीवर २०२० पासून फिरत आहेत. तो अजून लागू झालेला नाही.

सॉल्व्हंटच्या पिंपावर कडक नियंत्रण ठेवणे व्यवहारात शक्य नाही, असे अधिकारी आणि कारखानदार दोघेही सांगतात. महाराष्ट्राचाच अनुभव याच्या विरुद्ध आहे. मिथेनॉल हे साधे औद्योगिक सॉल्व्हंट. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत ते गावठी दारूत मिसळले गेले. मालवणीत शंभराहून अधिक लोक मेले. मिथेनॉल बाळगायला आणि विकायला विषद्रव्यांच्या कायद्याखाली परवाना लागतो, साठ्याची वही ठेवावी लागते, आणि अशी दुर्घटना झाली की पिंप कुठून निघाले आणि कुठे पोहोचले याचा माग पोलीस थेट उत्पादकापर्यंत काढतात. पेट्रोलमध्ये भेसळ होते म्हणून केंद्राने २००० साली सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप यांच्यासाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली स्वतंत्र आदेश काढला. त्या यादीतला माल कोण घेतो, कशासाठी घेतो, याचा दाखला द्यावा लागतो. हेरॉइन तयार करायला वापरले जाते म्हणून ॲसेटिक अनहायड्राइडच्या खरेदी-विक्रीचा हिशेब अमली पदार्थविरोधी यंत्रणेला द्यावा लागतो. पेट्रोलमधल्या बेंझीनची मर्यादा रिफायनरीतच एक टक्क्यावर आणली गेली, त्यासाठी एकाही पंपावरच्या पोऱ्याला मास्क वाटावा लागला नाही. जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी घातल्यावर निर्यात अडेल या भीतीने १९९७ साली भारताने ७० ॲझो रंगांचा वापर बंद केला, आणि त्याचा फायदा डोंबिवली-तारापूरच्या रंग कामगारांनाही झाला.

दारूबंदी, महसूल, अमली पदार्थ, शहराची हवा, निर्यात, ओझोन. यांपैकी कोणतेही कारण असेल तर पिंपाला परवाना लागतो, वही लागते, कोटा लागतो. कामगाराच्या मूत्रपिंडासाठी हे साधन सॉल्व्हंटवर चालवलेले दिसत नाही. हा प्राधान्याचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही.

युरोपात ट्रायक्लोरवर तीन वेगळे मार्ग वापरले गेले आणि त्यांची तुलना आपल्याला फार उपयोगी आहे. स्वीडनने १९९६ पासून उद्योगातला वापर बंद केला, पण ज्यांना पर्याय मिळत नव्हता त्यांना मुदतीची सूट दिली. एका कंपनीने बंदीला आव्हान दिले, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि २००० साली ‘टूलेक्स’ निकालात न्यायालयाने बंदी योग्य ठरवली. नॉर्वेने बंदी न घालता २००० साली किलोमागे ५० क्रोनचा कर बसवला. खरेदी झपाट्याने घसरली. जर्मनीने विक्रीला हात न लावता यंत्रावर कडक निकष घातले. टाकी पूर्ण बंद हवी, आतली हवा ठरावीक पातळीखाली येईपर्यंत दार उघडूच नये. जर्मनीचा मार्ग प्रभावी ठरला, पण तिथे यंत्र तपासणारी व्यवस्था होती आणि नवे यंत्र घ्यायला भांडवल होते. आपल्याकडे ही दोन्ही नाहीत. म्हणून जर्मन पद्धतीची नक्कल करून चालणार नाही. स्वीडनची मुदत आणि नॉर्वेचा कर या दोहोंतून आपल्याला जास्त शिकता येईल, कारण दोन्ही विक्रीपाशी लागू होतात. पुढे २१ एप्रिल २०१६ पासून सबंध युरोपीय संघात परवानगीशिवाय ट्रायक्लोर वापरता येईनासे झाले.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती शिकण्यापेक्षा सावध होण्याची आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेजून या मरीन दलाच्या तळावर १९५३ ते १९८७ पर्यंत सैनिकांची कुटुंबे ट्रायक्लोर आणि इतर सॉल्व्हंट मिसळलेले पाणी पीत होती. २०१६ साली बंदीचे प्रस्ताव आले, सरकार बदलल्यावर बाजूला पडले. डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण बंदीचा नियम निघाला आणि लगेच न्यायालयात व नव्या प्रशासनाच्या मुदतवाढीत अडकला. पुरावा पक्का असूनही एवढा वेळ लागतो.

वागळे इस्टेटमधल्या छोट्या उद्योजकाची बाजू मी हलकी मानत नाही. ट्रायक्लोरला पर्याय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. पाण्यात मिसळणारे अल्कली डिटर्जंट, गरम टाकी आणि अल्ट्रासोनिक यंत्र यांनी बहुतेक काम होते. मात्र मग जॉब वाळवायला ओव्हन हवा, लोखंडी जॉबला गंज धरू नये म्हणून काळजी हवी, पितळ काळवंडते, ॲल्युमिनियमवर डाग पडतात. सर्वांत मोठी अडचण सांडपाण्याची. तेलकट अल्कली पाणी गाळ्यातून गटारात सोडता येत नाही आणि स्वतःची शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. म्हणून नुसत्या बंदीने एक विष जाऊन दुसरे येते. जगभर ट्रायक्लोरच्या जागी एन-प्रोपिल ब्रोमाइड आले आणि त्याने कामगारांच्या मज्जातंतूंचे नुकसान केले. चीनमधल्या सूचौ इथे मोबाइलच्या काचा पुसायला अल्कोहोलऐवजी लवकर वाळणारे एन-हेक्झेन आणले आणि १३७ कामगारांना त्याची विषबाधा झाली. सीटीसीच्या जागी ट्रायक्लोर आणताना आपण हीच चूक केली होती. पर्याय ठरवताना त्याच्या विषारीपणाची तपासणी त्याच आदेशात बांधलेली असायला हवी.

यावर सर्वांत व्यवहार्य वाटते ते सामाईक धुलाई केंद्र. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे एमआयडीसीला नवीन नाहीत. लघुउद्योग मंत्रालयाच्या समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राला अनुदानही मिळते. वागळे इस्टेटमध्ये एका ठिकाणी चांगली बंदिस्त यंत्रे, पाण्यावरची धुलाई, सांडपाण्याची व्यवस्था आणि प्रशिक्षित माणसे असली तर शंभर गाळ्यांतले शंभर टब बंद होऊ शकतात. प्लेटिंगला माल बाहेर पाठवण्याची पद्धत इथे रुळलेली आहेच; धुलाई त्याच फेरीत बसते. वापरून झालेले सॉल्व्हंट आणि तळाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात आणि ते तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जायला हवेत. ते प्रत्येक गाळ्यातून थोडेथोडे गोळा होणार नाहीत, एका केंद्रातून होतील. चुकीच्या ठिकाणी टाकले तर काय होते ते वालधुनी नदीने दाखवले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनाने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले.

जमिनीचा प्रश्नही इथेच येतो. ट्रायक्लोर पाण्यापेक्षा जड असल्याने सांडले की भूजलातून खाली उतरत जाते, दशके टिकते आणि वरच्या इमारतीत वाफेच्या रूपाने परत येऊ शकते. वागळे इस्टेटमधल्या जुन्या कारखान्यांच्या जागी कार्यालये आणि निवासी इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी देण्याआधी सॉल्व्हंटसाठी माती आणि भूजल तपासणे ठाणे महापालिकेने आणि एमआयडीसीने सक्तीचे करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि रुग्णालय. कामगार राज्य विम्याचे कामगार हॉस्पिटल वागळे इस्टेटमध्येच आहे. क्लोरीनयुक्त हायड्रोकार्बनची विषबाधा आणि बेंझीनची विषबाधा हे दोन्ही कळवण्यास बंधनकारक असलेले आजार आहेत. जुन्या कायद्याच्या ८९ व्या कलमानुसार डॉक्टरने मुख्य निरीक्षकांना कळवले नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड होता. नव्या संहितेतही कळवण्याचे बंधन आहे. कामावरून जडलेला आजार म्हणून नोंद झाली तर कामगार विम्याच्या तरतुदींनुसार तो अपघाती इजेसारखाच भरपाईला पात्र ठरतो. हे सगळे एका प्रश्नावर अडते: ओपीडीत बसलेला डॉक्टर ‘तुम्ही नेमके काय काम करता, कोणते सॉल्व्हंट हाताळता?’ असे विचारतो का? बऱ्याचदा नाही. यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले की दारूकडे बोट जाते आणि फाइल बंद होते. ज्या कामगाराचा पगार महिना २१ हजारांच्या वर गेला किंवा ज्याचे नाव ठेकेदाराने विम्यात घातलेच नाही, त्याच्यासाठी हा दरवाजाही नाही. लघवीतले ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल तपासले तर आठवडाभरात किती ट्रायक्लोर शरीरात गेले याचा अंदाज येतो. ही तपासणी फार महाग नाही, आणि टाकीवर काम करणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून दोनदा व्हायला हवी.

राज्य सरकारपाशी मागणी मोजकी आहे. संहितेखालच्या नियमांत मर्यादांची यादी येईल तेव्हा ट्रायक्लोरच्या ओळीतला ५० हा आकडा तसाच उतरवू नये. दहाच्या वर तो असता कामा नये. सॉल्व्हंटने धातू धुण्याचे काम धोकादायक म्हणून अधिसूचित करण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, म्हणजे आठ माणसांचा गाळाही कक्षेत येईल. मिथेनॉलसारखीच ट्रायक्लोरच्या विक्रीलाही वही आणि परवाना लावावा, उघड्या टबासाठी विक्री बंद करण्याची तारीख जाहीर करावी आणि ती तारीख येण्याआधी वागळे इस्टेटमधले धुलाई केंद्र सुरू करावे. सीटीसीसाठी हा क्रम सात वर्षांत पार पडला होता.

तोवर ज्यांच्या घरातले कोणी अशा टबापाशी किंवा टाकीपाशी काम करते त्यांनी एक करावे: पिंपावरचे नाव आणि लेबलवरची माहिती कागदावर उतरवून घ्यावी किंवा मोबाइलवर फोटो काढावा, आणि डॉक्टरकडे जाताना तो न विसरता सोबत न्यावा.